तुमच्या डाव्या बुटास

प्रिय अंकल,

पत्र तुम्हाला आहे, पण मायना खरं तर तुमच्या डाव्या बुटाच्या नावाने घालायला हवा. काळा, पॉलिश केलेला, चवड्यापाशी चिरा पडलेला. शनिवारी सकाळी जवळपास पंचवीस मिनिटं मी वाद्यवृंदाच्या कंडक्टरकडे बघितलं नाही, मागच्या पडद्याकडे बघितलं नाही, समोर बसलेल्या पोरांकडे तर नाहीच. नजर कागदावरून उठली की थेट तुमच्या बुटावर जायची.

तोंडावर आभार मानले असते, तर तुम्ही "चल गो, कायतरीच" म्हणून तुमचा व्हायोला, तो व्हायोलिनचा थोरला भाऊ, पेटीत ठेवायला लागला असतात. तसेही मी हातांचा रंग धुऊन येईपर्यंत तुम्ही निघून गेला होतात. म्हणून हे असं सगळ्यांसमोर.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. वाद्यवृंद वाजत असतो आणि त्याच वेळी मंचाच्या कडेला एक चित्रकार चित्रं काढत असतो. टेबलावर कागद आडवा, वर कॅमेरा, आणि वादकांच्या मागे भलामोठा पडदा. मुलांना ब्रश दिसतो तो केरसुणीएवढा. मी हे काम करते म्हटल्यावर आईने विचारलं होतं, "म्हणजे ऑर्केस्ट्रात? निवेदिका का?" मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण आमच्या गिरगावात ऑर्केस्ट्रा म्हणजे अजून गणपतीच्या मांडवापुढे हिंदी गाणी म्हणणारा.

आणि आमचा कार्यक्रम होता सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराच्या 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स'चा. या गृहस्थाने १८८६ साली मित्रमंडळींत गंमत म्हणून हे रचलं आणि आपलं नाव खराब होईल या धास्तीने हयातीत छापू दिलं नाही, एक हंस तेवढा सोडून. एकूण १४ तुकडे, बहुतेक एकेका प्राण्याचे. ऐकणाऱ्याला मजा, काढणाऱ्याची मात्र दैना. रानगाढवं अर्ध्या-पाऊण मिनिटात धूळ उडवून पसार होतात आणि हंस तीन मिनिटं निवांत तरंगतो. प्रत्येक वेळी प्राणी आणि संगीत एकदमच संपले पाहिजेत. संगीत आधी संपलं, तर पडद्यावर तीन पायांचा हत्ती उभा राहतो.

तो एकदा उभा राहिलाय. दोन वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका शाळेच्या कार्यक्रमात. नाव घेत नाही, त्यांना आठवत असेल. मला सरावासाठी रेकॉर्डिंग पाठवलं होतं. प्रत्यक्षात मंडळींनी सगळं दीडपट वेगात वाजवलं, कारण पाहुण्यांना उशीर झाला होता. आधी मी तिथल्या संगीताच्या सरांना विचारलं होतं की तुकडा संपत आलाय हे मला कळणार कसं? ते म्हणाले, "सोपं आहे, स्कोअर फॉलो करा." आणि फोनवर तो स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं लिहिलेलं संगीत, ८० पानांच्या फाईलीत पाठवला. मला स्टाफ नोटेशन म्हणजे विजेच्या तारांवर बसलेले कावळे. आयोजक बाई तर त्याहून थोर. त्या म्हणाल्या, "तुम्ही आपलं काढत राहा हो, जमतं आपोआप." जमलं नाही. मासे वाजू लागले तेव्हा पडद्यावर उभा होता हत्ती, आणि पोरं हसली ती हत्तीला नाही. मानधनाच्या पाकिटावर नाव होतं 'पेंटिंगवाल्या मॅडम'. हे काम पुन्हा करायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

यंदा हो म्हटलं ते महानगरपालिकेच्या शाळांतली मुलं येणार म्हणून. तालीम एकच, आदल्या संध्याकाळी. कंडक्टर भले गृहस्थ, पण त्यांची काठी मला वाचता येत नाही. मी टेबलाखाली बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत बसले होते, लहानपणी दोन वर्षं पेटी शिकले तेवढ्या भांडवलावर. ते तुम्ही बघितलंत. मधल्या सुट्टीत चहाचा कप घेऊन आलात आणि म्हणालात, "काय मोजते गो तू, तीनताल?"

मी ओशाळून सांगितलं की सम कुठे येणार ते कळत नाही.

"तुला सम पायजे ना? मी देतो सम. तू काढ."

तुम्ही मला नोटेशन समजावायला बसला नाहीत. तुमच्या पिढीचे गोव्याचे वादक दिवसभर फिल्मी रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत बसायचे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, अरेंजर ती कागदावर उतरवायचा आणि तुम्ही ती नजरेने वाचून वाजवायचात. आपली सम आणि त्यांचा बार, म्हणजे मात्रांचा एक गट, या दोन्ही भाषा एकाच खुर्चीत बसून शिकलेला माणूस दुसरीकडे कुठे भेटला असता मला? तुम्ही तुमची खुर्ची वीतभर फिरवलीत, डावा पाय स्टँडच्या बाहेर आणलात आणि म्हणालात, "चवडा वर गेला की दोन बार राहिले. खाली आला की खलास."

वाद्यवृंदात पाय हलवणं चांगलं समजत नाहीत, हे मला नंतर दुसऱ्या एकाने सांगितलं. एवढ्या वर्षांच्या शिस्तीचा माणूस माझ्यासाठी ती मोडत होता, तीही आवाज न करता.

हत्ती डबल बासचा, म्हणजे त्या माणसाएवढ्या उंच, जाड आवाजाच्या वाद्याचा. मी आधी पाठीची कमान ओढली, तर तिसऱ्या रांगेतून एक पोरगं ओरडलं, "बटाटा!" अख्खं सभागृह हसलं. चवडा अजून खाली होता, म्हणजे हातात वेळ होता. म्हणून मी बटाट्याला मुद्दाम एक डोळा काढला, मग कान, आणि चवडा वर गेल्यावर सोंड. "हत्तीऽऽ" असा जो गजर झाला, तो डबल बासवाल्यांच्या चेहऱ्यावरही दिसला.

पण पत्र लिहायला बसले ते हंसासाठी.

पांढऱ्या कागदावर पांढरा हंस काढता येत नाही. काढायचं असतं पाणी. ओला निळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, भोवतीने फिरवायचा आणि मधे हंसाएवढा कागद कोरा सोडायचा. वॉश वाळायच्या आत पुरा केला नाही तर पाण्यात भिंत उभी राहते. मंचावरचे दिवे असे तापले होते की निळा रंग माझ्या डोळ्यांदेखत सुकत होता. मी घाबरले. मान अजून व्हायची होती आणि हात पळायला लागला. पळणाऱ्या हाताने मान काढली की हंसाचं बदक होतं.

वर बघितलं. हंसाला व्हायोला नाही. चेलो आणि दोन पियानो, बस्स. तुमचं वाद्य मांडीवर आडवं होतं, बाकीचे रिकामे वादक मान खाली घालून ऐकत होते, तुम्हीही डोळे मिटून बसला होतात. आणि चवडा जमिनीला टेकलेला, गच्च. तुमचं काही वाजत नसताना तुम्ही माझ्यासाठी मोजत होतात. त्या टेकलेल्या बुटाने मला सांगितलं ते एवढंच: वेळ आहे गो, सावकाश.

मी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. मान एका दमात आली. चवडा वर गेला. चोच. चेलोचा शेवटचा स्वर लांबत गेला, मी डोळ्याचा ठिपका टेकवला आणि बूट खाली आला. पोरं टाळ्या वाजवायला विसरली होती.

लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी कुणी न सांगता चार बोटं सरकतं ना, तसलीच ही गोष्ट. सरकणाऱ्याला ती आठवतही नाही; बसणारीला मात्र डोंबिवलीपर्यंत पुरते. स्कोअर पाठवणारे पुष्कळ भेटतात, अंकल, आणि ते वाईट नसतात, फक्त त्यांना समोरच्याची बोटं दिसत नाहीत. तुम्ही चहा पिता पिता टेबलाखाली बघितलंत.

हंसाचं चित्र एका शाळेच्या बाई घेऊन गेल्या, वर्गात लावायला. दुसरं एक माझ्याकडे आहे, तुम्ही गेल्यावर ग्रीन रूममध्ये उरलेल्या निळ्या-काळ्या रंगात काढलेलं. तुमचा डावा बूट, चवडा वर उचललेला, चिरांसकट. नाडी तेवढी सुटली होती तुमची कार्यक्रमभर, ती मी चित्रात बांधून टाकली आहे. कुठे आणून देऊ ते कळवा.

तुमची,
टेबलावरची चित्रकार