आई, तुझी ओवी त्या मंचावर म्हणू का?

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या शनिवारी इथे बेळगावात टिळकवाडीत एक कार्यक्रम ऐकला आणि तेव्हापासून तुमच्याशी निवांत बोलायचं मनात आहे. फोनवर आपलं बोलणं औषधं आणि पावसापाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहायलाच बसले. कवितावाचन होतं, पण साथीला ब्लूज आणि जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. मराठी, कन्नड, कोकणी कवी एकाच मंचावर. वाजवणारी मंडळी चोर्ला घाटातून गोव्याहून आलेली. सॅक्सोफोन, गिटार, ड्रम आणि माणसापेक्षा उंच, उभ्याने बोटांनी छेडायचा डबल बेस.

बाबा, सॅक्सोफोन म्हटलं की तुम्हाला वरातीतला बँड आठवणार. पण तुमच्या लाडक्या ‘अलबेला’त (1951) गोव्याचा चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासकट पडद्यावर दिसतो, तो जॅझचाच वादक. मुंबईच्या सिनेसंगीतात असे गोवेकर खूप होते. तेव्हा हे वाजवणं तुमच्या कानाला अगदीच परकं नाही.

आणि तुम्ही मृदंगवाले, त्यामुळे ब्लूजचा हिशेब तुम्हाला लगेच कळेल. बारा बार, म्हणजे तालाचे बारा विभाग, प्रत्येकी 4 मात्रा, म्हणजे 48 मात्रांचं आवर्तन. त्यात ओळी तीन, एकेकीला 16 मात्रा. गाणारा साधारण निम्म्या मात्रांत ओळ संपवतो आणि उरलेल्या जागेत वाद्य त्याला उत्तर देतं. पहिली ओळ दुसऱ्यांदा तशीच म्हणायची, तिसरीत मनातलं बोलून टाकायचं. गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधेच कुठेतरी, ओढून लावलेला.

अमेरिकेत 1865 मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली, पण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं कापसाच्या शेतातलं राबणं काही सुटलं नाही. त्यांच्या कामाच्या गाण्यांतून हे संगीत आलं. लँगस्टन ह्यूज हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय कवी. 1926 च्या पहिल्याच संग्रहात त्याने ब्लूज कवितेत आणलं आणि 1958 मध्ये जॅझवादक चार्ल्स मिंगसच्या साथीने आपल्या कविता म्हणून रेकॉर्डही केल्या. आपल्याकडे कोल्हापूरच्या अरुण कोलटकरांना ब्लूजचा नाद होता, आणि ते पखवाजही शिकले होते. हे खास तुमच्यासाठी लिहिलं, बाबा.

एका कन्नड कवयित्रीने मागावर बसणाऱ्या वडिलांची कविता म्हटली. बाबा, बेळगाव महाराष्ट्रात घेतलं नाही म्हणून 1 नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीत तुम्ही वर्षानुवर्षं चाललात, मराठीसाठी काय काय सोसलंत ते मी घरात बघितलंय. म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते, त्या कवितेला माझ्या रांगेतल्या मराठी माणसांनी उठून टाळ्या दिल्या. त्यात आपल्या मराठीचं काही उणं झालं नाही. मला तर तुमची आठवण आली, शेजारी असता तर तुम्हीही उठला असता.

सगळंच जमलं असं नाही. इंदिरा संतांच्या कवितेला सॅक्सोफोन नको होता. इतकं हळू बोलणारी कविता, तिच्यावर तो स्वर नुसता चढून बसला. तिथे एकट्या बेसवर भागलं असतं.

पण त्यानंतर ड्रमवाल्याने काठ्या बाजूला ठेवल्या आणि तारांचे ब्रश घेतले. ते ब्रश तो ड्रमवर गोल गोल फिरवत राहिला. घर्र घर्र, न थांबता, मधेच जरा दाब देऊन. आई, मला एकदम आपल्या पडवीतलं जातं ऐकू आलं गं. वर कवी काय म्हणत होता ते मला आता सांगता येणार नाही, कारण मी मनात तुझी ओवी म्हणत होते, आक्का सासरी गेली तेव्हाची:

सरलं दळण, हात फिरायचा थांबेना
सरलं दळण, हात फिरायचा थांबेना
लेक गेली सासरी, डोळा काही सुकेना

तूही पहिली ओळ दोनदाच म्हणतेस, आणि खुंटा एक फेरा पुरा फिरेपर्यंत गप्प राहतेस. त्या गप्प राहण्यात जातं बोलतं. तुला हे कुणी शिकवलं नाही. त्या शेतातल्या बायकांनाही कुणी शिकवलं नसेल.

कार्यक्रम झाल्यावर मी धीर करून त्या ड्रमवाल्याला ही ओवी म्हणून दाखवली. त्याने खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला आणि म्हणाला, पुढच्या वेळी घेऊया. पण ओवी तुझी, आणि त्यातलं दुःखही तुझं नि आक्काचं. तुम्हा दोघींच्या होकाराशिवाय मी ती चार लोकांत म्हणणार नाही. आक्काला मी वेगळं लिहिते. तुला वाटलं की ती घरातच राहावी, तर तसं मोकळेपणी सांग, मी वाईट वाटून घेणार नाही.

खरं तर तूच येऊन म्हणावीस असं मला वाटतं. “माझं काय मेलं ऐकायचंय लोकांनी” म्हणू नकोस. आणि बाबा, मृदंग घेऊन तुम्हीही या. 48 मात्रांत तुमची बोटं कुठे सम शोधतात ते मला बघायचंय.

पुढचा कार्यक्रम दिवाळीनंतर आहे, नावं या महिनाअखेर कळवायची आहेत. खानापूर स्टँडवर मी गाडी घेऊन येईन, जिना नाही, हॉल खालीच आहे. बाबांच्या गुडघ्याचं तेल भाऊजींबरोबर पाठवलंय. आईचा निरोप त्यांच्याकडेच द्या.

तुमची,
धाकटी