पश्चिमेच्या भिंतीचा हिशेब नकाशातच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाची चर्चा वाढीव चटईक्षेत्र, भाडे, कॉर्पस (विकासक सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम) आणि पार्किंग यांच्यापलीकडे सहसा जात नाही. आमच्या संस्थेची सभाही त्याला अपवाद नव्हती. विकासकाच्या वास्तुविशारदाने दाखवलेल्या चित्रांत पश्चिमेकडच्या खोल्यांना जमिनीपासून छतापर्यंत काच होती आणि छज्जा कुठेच नव्हता. दुपारी तीननंतर या खोल्यांत किती उष्णता शिरेल याचा हिशेब केला आहे का, असे मी विचारले, तेव्हा ‘काका, प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट दिलाय’ असे उत्तर मिळाले. सभेत हशा पिकला आणि विषय पार्किंगकडे वळला.

हा हिशेब करण्याची पद्धत मात्र उपलब्ध आहे. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 मध्ये आली, तर निवासी इमारतींच्या बाह्य आवरणासाठी केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची ‘इको-निवास संहिता’ डिसेंबर 2018 मध्ये. तिच्यात छप्पर वगळता भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचे एक मूल्य काढतात, त्याला आरईटीव्ही म्हणतात. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात ते दर चौरस मीटरला 15 वॉटपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा आहे. भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट येणारे ऊन अशा तीन भागांची ही बेरीज असून, खिडकीची दिशा आणि तिच्यावरची सावलीही त्यात धरली जाते. त्यामुळे तेवढीच काच उत्तरेला असणे आणि पश्चिमेला असणे यांतला फरक आकड्यांत दिसतो. फोर्टातल्या किंवा मरीन ड्राइव्हवरच्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे ज्यांनी काढले, त्यांच्याकडे हे सूत्र नव्हते, पण मुंबईचे ऊन त्यांना ठाऊक होते.

भिंतीचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. हल्ली उंच इमारतींत ॲल्युमिनियमचे साचे लावून, म्हणजे आपण ज्याला मिवान म्हणतो त्या पद्धतीने, स्लॅबबरोबरच बाहेरच्या भिंतीही काँक्रीटमध्ये ओततात. 150-160 मिलिमीटर जाडीच्या अशा भिंतीतून, 200 मिलिमीटरच्या, हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या (एएसी) ब्लॉकच्या भिंतीच्या तुलनेत, सुमारे चौपट उष्णता आत येते. शिवाय दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री, आपण झोपायला जातो नेमके तेव्हा, ती उष्णता खोलीत सोडत राहते. मिवानला माझा विरोध नाही. काम झपाट्याने होते, आणि भाड्याच्या घरात दिवस मोजणाऱ्या सभासदाला त्याचे मोल कळते. पण भिंत काँक्रीटची असेल, तर काच कमी करून, तिच्यावर सावली देऊन किंवा भिंतीला उष्णतारोधक थर लावून ती उणीव भरून काढायला हवी, आणि हा तोल साधण्याची मुभा संहितेच्या सूत्रातच आहे.

दमट हवेत वाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश, असावे असे संहिता म्हणते. येथे एक मेख आहे: दोन झडपांची सरकती खिडकी कितीही मोठी दिसली, तरी एका वेळी तिचा अर्धाच भाग उघडतो. माहितीपत्रकातली ‘भव्य खिडकी’ म्हणूनच अर्धी मोजावी.

ग्रिहा किंवा आयजीबीसीसारख्या हरित मानांकनांचे मला वावडे नाही. परंतु त्यांत पाणी, साहित्य, कचरा अशा अनेक बाबींचे गुण एकत्र होत असल्याने केवळ प्रमाणपत्र पाहून माझी खोली किती तापेल हे समजत नाही. मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये जाहीर केलेल्या वातावरण कृती आराखड्यात 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य ठेवले आहे. त्याच वर्षी ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी झाली. दिशा ठरलेली असताना हा आकडा सभासदांपासून दूर का राहावा?

माझी मागणी मर्यादित आहे. पुनर्विकासाला सभासदांची संमती घेण्यापूर्वीच प्रस्तावित आराखड्याचा आरईटीव्ही, छपराचे उष्णतावहन आणि खिडक्यांचे उघडे क्षेत्र हे तीन आकडे विकासकाने लेखी द्यावेत. नकाशे मंजुरीसाठी जातात तेव्हा ते सोबत जोडावेत आणि महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या माहितीत दाखवावेत, म्हणजे नव्याने घर घेणाऱ्यालाही ते पाहता येतील. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी ते पुन्हा पडताळावेत, कारण काच आणि छज्जा बांधकामाच्या मध्यावर निमूटपणे बदलणे फार सोपे असते, आणि इमारत उभी राहिल्यावर पश्चिमेची भिंत कोणालाही बदलता येत नाही.

आपला,
पुनर्विकासाच्या वाटेवरील संस्थेचा एक सभासद,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई