हजेरीचे वेगळे, जिंकल्याचे वेगळे

संपादक महोदय,

एमएमएच्या (ठोसे, लाथा आणि कुस्ती यांच्या मिश्र झुंजीच्या) लढतीची बातमी आली की फायटरला मिळालेल्या पैशांना आपल्याकडे सरसकट ‘बक्षीस’ म्हटले जाते. कुस्तीच्या मैदानांची सवय, दुसरे काय! तिथे जोड लावतानाच इनाम ठरते आणि हँडबिलावर छापलेही जाते. यूएफसी या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीतला हिशेब मात्र निराळा आहे.

तिथला मूळ करार दोन समान आकड्यांत बोलला जातो. गेल्या काही वर्षांत नवख्याला साधारण ‘बारा-बारा’ मिळतात. म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात लढायला उतरल्याचे १२,००० डॉलर (शो मनी) आणि जिंकल्यास आणखी १२,००० (विन बोनस). करार बहुधा चार लढतींचा असतो. जिंकत गेल्यास आकडा पायरीपायरीने चढतो, हरल्यास तिथेच थांबतो, आणि करार पुरा होण्याआधी कंपनी नारळही देऊ शकते. लढत बरोबरीत सुटली तरी विन बोनस मिळत नाही.

पूजा तोमरने ८ जून २०२४ रोजी अमेरिकेत लुईव्हिल इथे रायन दोस सांतोसला हरवले. यूएफसीत जिंकणारी ती पहिली भारतीय. निकाल होता स्प्लिट डिसिजन. तीनपैकी दोन परीक्षक तिच्या बाजूने, एक विरुद्ध. अशा निकालात एका परीक्षकाचे मत फिरले की करारातली निम्मी रक्कम जाते. पंधरा मिनिटांची झुंज तीच, मार तितकाच, पैसे अर्धे. आमच्या मते या पद्धतीतला सर्वांत अन्यायकारक भाग हाच.

याशिवाय किटचे, म्हणजे ठरलेला गणवेश घालण्याचे पैसे. २०१५ पासून फायटरला स्वतःचे प्रायोजक चड्डीवर मिरवता येत नाहीत; त्याबदली ठरलेली रक्कम मिळते. किट पुरवणाऱ्या व्हेनम कंपनीच्या २०२१च्या तक्त्यात पहिल्या तीन लढतींपर्यंत ४,००० डॉलर, एकविसाव्या लढतीपासून २१,००० आणि चॅम्पियनला ४२,००० होते. रात्रीच्या उत्कृष्ट कामगिरीचा बोनस अनेक वर्षे ५०,००० डॉलर होता. तो चार-पाच जणांनाच मिळतो, आणि वजन चुकवलेल्याला तर नाहीच. पे-पर-व्ह्यूचा (प्रेक्षकाने प्रक्षेपणासाठी वेगळे मोजलेल्या पैशांचा) वाटा चॅम्पियन आणि मोजके तारे सोडून कुणालाही नव्हता.

आता हरलेल्या नवख्याचा हिशेब मांडू. हजेरीचे १२,००० आणि किटचे ४,०००, एकूण १६,०००. लढत अमेरिकेत असेल तर परदेशी खेळाडूचा ३० टक्के कर आधीच कापला जातो, म्हणजे ४,८००. हजेरीच्या रकमेवर मॅनेजरचे दहा टक्के आणि जिमचे दहा टक्के धरले तर आणखी २,४००. उरले ८,८००. यातून आठ आठवड्यांचा सरावाचा कॅम्प, आहार आणि दुसऱ्या-तिसऱ्या कॉर्नरमनचे (लढतीत कोपऱ्यातून मदत करणाऱ्या सहकाऱ्याचे) तिकीट-हॉटेल. कंपनी सहसा फायटर आणि एकाच सहकाऱ्याचा खर्च उचलते. मेंदूचा एमआरआय, डोळे, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या तपासण्यांचे पैसेही अनेकदा स्वतःच्याच खिशातून. कापलेल्या कराचे क्रेडिट भारतातल्या विवरणपत्रात मागता येते, पण त्यासाठी अमेरिकेचा करकपात दाखवणारा १०४२-एस हा फॉर्म जपून ठेवावा लागतो. तो हरवला की सगळा घोळ. हीच लढत अबू धाबीत झाली तर ही कपात होत नाही.

वजनातही पैसे जातात. लाइटवेट या वजनगटाची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे सुमारे ७०.३ किलो, विजेतेपदाची लढत नसेल तर एक पौंडाची सवलत. १५६.५ भरले की पर्समधून (लढतीच्या मानधनातून) साधारण वीस टक्के प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात. सरावात गुडघा गेला आणि लढत रद्द झाली तर काहीच नाही. प्रशिक्षणातल्या दुखापतींना २०११ पासून विमा आहे, पण त्यातून दवाखाना भागतो, घरभाडे नव्हे. नॉकआउट झालेल्याला वैद्यकीय निलंबनही (काही काळ लढण्यास मनाई) लागते, त्यामुळे वर्षाला तीन लढती मिळाल्या तरी नशीब.

हे सगळे फायटर कायद्याने नोकर नाहीत, कंत्राटदार आहेत. त्यांची संघटना नाही. मुष्टियोद्ध्याला प्रवर्तकाची कमाई कळावी म्हणून अमेरिकेने २००० साली मुहम्मद अली कायदा केला. तो एमएमएला लागू नाही. कंग ली या फायटरने आणि इतरांनी २०१४ मध्ये यूएफसीवर दावा ठोकला, तेव्हा कागदपत्रांतून दिसले की उत्पन्नाचा जेमतेम पाचवा हिस्सा फायटरांपर्यंत पोचतो. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये तो जवळपास निम्मा असतो. ३३.५ कोटी डॉलरची पहिली तडजोड न्यायाधीशांनी २०२४ मध्ये फेटाळली, पुढे ३७.५ कोटींवर मिटले. ही भरपाई २०१० अखेर ते जून २०१७ या काळात लढलेल्यांसाठी आहे. त्यानंतरच्यांचा दावा वेगळा.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी आकडा छापताना तो हजेरीचा की विजयाचा, बोनस धरून की सोडून, आणि लढत कुठल्या देशात झाली, हे जोडीला द्यावे. एका ओळीत मावते.

– काही वाचक, पुणे