केंद्रीय संस्कृतिमंत्र्यांना खुले पत्र : चंडीगढच्या खुर्चीला 2055 पर्यंत थांबवू नका

मा. केंद्रीय संस्कृतिमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

पुण्यात माझा लाकडी फर्निचरचा छोटा कारखाना आहे. नवे करतो, जुने दुरुस्त करतो. गेली काही वर्षे गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवते आणि म्हणते, 'अशी चंडीगढ खुर्ची करून द्या.' आम्ही करून देतो, धंदा आहे. पण ज्या खुर्चीच्या नकलेला इतकी मागणी आहे, तिची अस्सल भावंडे आपल्याच सरकारी कचेऱ्यांतून भंगाराच्या भावाने लिलावात गेली, हे काही केल्या पचत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याला इतिहास ठाऊक असेलच. 1951 मध्ये वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए चंडीगढ या नव्या शहराच्या कामाला लागले. त्यांचे चुलतभाऊ, वास्तुरचनाकार पिएर जानरे त्याच कामासाठी आले आणि 1965 पर्यंत तिथेच राहिले. शहर कोरे होते. सचिवालय, न्यायालय, विद्यापीठ, वाचनालये, सरकारी घरे एकापाठोपाठ उभी राहत होती आणि प्रत्येक ठिकाणी बसायला खुर्ची व लिहायला टेबल हवे होते. जानरे आणि त्यांच्या चमूने, त्यात वास्तुरचनाकार युली चौधरी यांचा वाटा मोठा, या वस्तूंची रेखाटने केली. ती पाहून स्थानिक सुतारांनी जागोजागी वस्तू घडवल्या. एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर लाकडाच्या जाडीत फरक दिसतो, तो त्यामुळे. त्या सुतारांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. लिलावाच्या छापील सूचीत मात्र नाव एकट्या जानरेंचे असते.

खुर्ची जवळून पाहा. पुढचा आणि मागचा पाय तिरपे वर चढून एकमेकांना भिडतात आणि त्यांच्यावर हात टेकतो. सगळा भार उघड दिसतो, झाकाझाकी काही नाही. लाकूड सागवानाचे, बैठक आणि पाठ वेताची. उत्तरेतल्या मे-जूनमध्ये रेक्झिनच्या गादीवर बसून फायली पाहणाऱ्या माणसाचे काय होते ते सांगायला नको. वेतातून वारा खेळतो. आता मान वर करून इमारत पाहा. खिडक्यांपुढे काँक्रीटच्या खोल उभ्या-आडव्या पट्ट्या आहेत, ऊन अडवणाऱ्या आणि वारा आत सोडणाऱ्या. इमारतीची भिंत आणि खुर्चीची पाठ एकाच हवामानाला एकच उत्तर देतात. भिंतीवर गिलावा नाही, म्हणून साच्याच्या खुणा काँक्रीटवर तशाच आहेत. खुर्चीचा सांधाही तसाच उघडा आहे.

उच्च न्यायालयात तर ही गुंफण आणखी पुढे जाते. उघड्या काँक्रीटच्या दालनात आवाज घुमतो, म्हणून कॉर्बुझिएंनी भिंतींसाठी लोकरीचे नऊ प्रचंड नक्षीदार भिंतपडदे आखले आणि ते काश्मीरमध्ये विणून घेतले. तो नुसता शृंगार नव्हता, वकिलाचे बोलणे न्यायमूर्तींना नीट ऐकू यावे यासाठी होता. काही न्यायाधीशांना ते रुचले नाहीत, हेही खरे. गटाराच्या झाकणावरसुद्धा शहराचा नकाशा ओतलेला आहे! लोखंडाचे ते झाकणही परदेशी लिलावात पोचले.

हे झाले कसे? चोरीने नव्हे, बहुतांशी नियमाने. वेत तुटतो, बैठक खचते. कचेरीत दुरुस्तीपेक्षा नवी खरेदी सोपी असते. फिरत्या, गादीच्या खुर्च्या आल्या, जुन्या गच्चीवर नाहीतर गोदामात गेल्या, डेड स्टॉक रजिस्टरमधून त्यांचे निर्लेखन झाले, म्हणजे नोंद काढून टाकली गेली, आणि लिलावात ढिगाने निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, नीट केल्या आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कला लाखोंच्या भावाने विकल्या. त्या व्यापाऱ्यांना शिव्या घालण्यात मला रस नाही, त्यांनी उचलल्या नसत्या तर बऱ्याच खुर्च्या चुलीत गेल्या असत्या. गंमत म्हणजे पाठीवर पांढऱ्या रंगात खात्याचे नाव आणि क्रमांक असतो, तोच आता अस्सलपणाचा पुरावा धरला जातो. आपल्या कारकुनाने घातलेल्या क्रमांकाने तिकडे भाव चढतो.

2011 साली गृह मंत्रालयाने ही विक्री थांबवण्याचा आदेश काढला. पुढे मोजदादही झाली. 2016 मध्ये युनेस्कोने सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांचे कॅपिटल संकुल जागतिक वारशाच्या यादीत घेतले. म्हणजे इमारत वारसा झाली आणि तिच्यासाठी आखलेली खुर्ची रजिस्टरातला एक नग राहिली. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार अशी वस्तू 'पुरावस्तू' ठरायला शंभर वर्षे लागतात. 1955 ची खुर्ची 2055 मध्ये पात्र होईल. तोवर शिल्लक किती राहतील?

पण त्याच कायद्यात दुसरे दार आहे. शंभर वर्षे न झालेली कलाकृतीही केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून 'कलानिधी' ठरवू शकते. अट एवढीच की, कर्ता हयात नसावा. कॉर्बुझिए 1965 मध्ये गेले, जानरे 1967 मध्ये, युली चौधरीही आता नाहीत. कलानिधी ठरलेली वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था यांच्याखेरीज कुणी परदेशी पाठवू शकत नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांच्या चित्रांना हे संरक्षण मिळालेच आहे. आपल्या अधिकाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणेल, खुर्ची ही कलाकृती कशी? त्यांना आधी चंडीगढच्या एखाद्या वाचनालयात त्या खुर्चीवर दोन तास बसवा.

वयाच्या अटीने काय होते ते दिल्लीने पाहिले आहे. वास्तुरचनाकार राज रेवाल यांचे हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन 1972 चे. साठ वर्षे झाली नाहीत म्हणून वारसा नाही, असा हिशेब झाला आणि एप्रिल 2017 मध्ये ते एका रात्रीत पाडले गेले. उलट पुदुच्चेरीच्या श्री अरविंद आश्रमाचे गोलकोंडे हे निवासस्थान पाहा. अँटोनिन रेमंड यांची इमारत, जॉर्ज नाकाशिमा यांचे फर्निचर, आणि दोन्ही अजून आश्रमाच्या रोजच्या वापरात. तिथे कायद्याआधी निगा आली.

म्हणून माझी मागणी संग्रहालयाची नाही. काचेमागची खुर्ची इमारतीपासून तुटतेच, मग ती पॅरिसला असो की दिल्लीला. ती ज्या दालनासाठी झाली, तिथेच राहावी आणि तिच्यावर माणसे बसावीत. त्यासाठी चंडीगढमध्ये वेत विणणारे चार-सहा कारागीर कायम नेमावे लागतील. वेत दर काही वर्षांनी बदलायचाच असतो, त्याने खुर्ची नकली होत नाही. लाकडाला मात्र हात लावण्याआधी जाणकाराला विचारावे. चकचकीत मेलामाइन पॉलिश मारून 'नवी' केलेली जुनी खुर्ची पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो.

अधिसूचनेचा मसुदा कराल तेव्हा यादीत 'खुर्ची, सागवानी, नग अमुक' असे लिहू देऊ नका. प्रत्येक वस्तूपुढे इमारत, मजला, दालन आणि पाठीवरचा क्रमांक लिहा, चारी बाजूंनी फोटो जोडा. ती यादी जनतेसाठी खुली ठेवा, म्हणजे उद्या परदेशात एखादी लिलावाला निघाली तर कुठल्या दालनातून गेली हे विचारता येईल.

कळावे.

आपला,
पुण्यातील एक फर्निचर कारागीर