‘उजवा’ नावाच्या बटणासाठी

चि. मुलास,
अनेक आशीर्वाद.

नाव कुठे छापू नको असं तू बजावलं आहेस, म्हणून वर नुसतं ‘मुलास’ लिहिलंय. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. माझ्या टेबलापाशी अर्ज टाइप करून घ्यायला येणारा प्रत्येक माणूस तू मला एका हाताने टाइप करता यावं म्हणून करून दिलेल्या कीबोर्डाकडे बघून विचारतो, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना घाईत सांगायला गेलं की तुझं निम्मं काम सांगायचंच राहून जातं. एकदा ते नीट लिहून ठेवायचं होतं.

२०२४ च्या जूनमध्ये बावीच्या चिऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. मी घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण आतली नस दुखावली होती. बोटं वळायची, तीही अगदी सावकाश. वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं टायपिंगचं टेबल आहे हे तुला ठाऊकच आहे. काजू बागायतदारांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, दशावताराची पत्रकं, ग्रामपंचायतीचे ठराव, हे सगळं गेली कित्येक वर्षं या दहा बोटांनी केलं. त्यातली पाच बोटं गेली.

लोकांना वाटतं, एक हात गेला म्हणजे वेग निम्मा होतो. मराठीत तसं होत नाही. आपला इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची बटणांची मांडणी, मोठ्या विचाराने बांधलेला आहे, १९९१ च्या भारतीय मानकात तो आहे, आणि ‘क’ गुजरातीत, कन्नडात, बंगालीत त्याच बटणावर सापडतो. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली आहेत, व्यंजनं उजव्या. त्यामुळे डावीकडे माझ्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार सगळं शिल्लक होतं. व्यंजनं मात्र खालच्या ओळीतली म, न आणि व एवढीच, शिफ्ट धरली तर ण. पट्टी सोडल्यावर पहिल्या दिवशी मी डावा हात त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवला आणि काय उमटतंय ते बघितलं. मन. मान. नाव. मौन. नवमी. विमान. एवढ्यावर माझी भाषा संपली. स्वतःच्या गावाचं नावसुद्धा येईना. त्या दिवशी मी टेबलावरच रडले. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

डावा हात उजवीकडे नेऊन मारून बघितलं, पण मग तो आपली जागाच विसरतो. मोबाइलवर बोलून टाइप करून बघितलं. साधं पत्र होतं तसं, पण वाडीचं नाव, गट नंबर, हिस्सा, जुन्या दस्तातला एखादा शब्द आला की चुका शोधण्यातच दिवस जायचा, आणि प्रतिज्ञापत्रात चूक चालत नाही. त्यात माझा जुना कीबोर्डही त्याच पावसात बंद पडला. दोन ठिकाणी दाखवला. दोन्हीकडे तो नीट न उघडताच ‘टाकून द्या, नवा घ्या’ म्हणाले.

तेव्हा भाचा तुझ्याकडे घेऊन आला. जुलै चालू होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मालवणच्या सगळ्या बोटी वर ओढलेल्या आणि बोटींवरचे फिश फाइंडर (मासे शोधायची यंत्रं), जीपीएस, वायरलेस सगळे दुरुस्तीला तुझ्या टेबलावर. १ ऑगस्टच्या आत ते परत द्यायचे होते. तुझ्याकडे खरोखर वेळ नव्हता. तरी तू कीबोर्ड उलटा केलास, स्क्रू काढलेस आणि हिरव्या पडलेल्या तांब्याकडे बोट दाखवून म्हणालास, “काकी, चिप मेली हा. बटणां मात्र जिती आसत.” एक कॅप ओढून आतलं निळं खोड मला दाखवलंस, दोनदा खट खट दाबलंस. खाऱ्या हवेने आतली पट्टी खाल्ली होती, बटणं शाबूत होती.

मग तू माझ्या हाताकडे बघितलंस आणि विचारलंस, “काकी, तुमका नक्की काय लिवचा आसा?” तोवर कीबोर्ड दुरुस्त करायचा की नाही याबद्दल सगळे बोलले होते. मला काय लिहायचं आहे हे विचारणारा तू पहिला.

त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते मला अजून स्वच्छ आठवतं. दशावताराच्या एका जुन्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तू चौकटी आखल्यास, आडव्या आठ, उभ्या सोळा. तारा जुळल्या की वाजणाऱ्या मल्टिमीटरचं एक टोक एका तारेवर, दुसरं दुसऱ्या तारेवर, आणि मी एकेक बटण दाबत गेले. ‘टीं’ वाजलं की त्या चौकोनात अक्षर लिहायचं. मी इतकी वर्षं टाइप करतेय, पण १०४ बटणांना १०४ तारा नसतात हे मला त्या दिवशी कळलं. २४ तारा पुरतात. एक आडवी तार जागी करायची, सोळा उभ्या तारांवर काही आलं का बघायचं, मग पुढची आडवी. सेकंदाला हे शेकडो वेळा चालतं. मेलेल्या चिपचं काम एवढंच होतं. तू ती उपटून काढलीस, तिच्या पायांच्या जागी २४ बारीक वायरी सोल्डर केल्यास आणि त्या रास्पबेरी पाय पिको नावाच्या इवल्याशा संगणकाच्या बोटभर पट्टीला नेऊन जोडल्यास. पिकोला वायरी जोडायला वापरता येतील असे पाय २६. उरले दोन. कीबोर्डावरचे दिवे तीन. कुठला दिवा नको ते तू मला विचारलंस. स्क्रोल लॉक मी आयुष्यात कधी लावला नव्हता, तो गेला.

जोडांवर तू बोटींच्या सेटना मारतोस तोच पारदर्शक लेप मारलास, बटणांत उतरू नये म्हणून कागद लावून. यंदाचा पाऊस त्याने सोसला.

हातांची गोष्ट सुरू झाली ती त्यानंतर. मी म्हटलं होतं, अरे, पण व्यंजनं उजव्या हाताची आहेत. तू म्हणालास, “खयचो हात ह्या कीबोर्डाक काय कळता? तेका फक्त जागा कळता.” हे वाक्य मी पाठ करून ठेवलंय. कीबोर्डाला मराठी येत नाही. तो फक्त या जागेचं बटण दाबलं असा आकडा पाठवतो, त्याचं ‘क’ संगणक करतो. मग जागा बदलून सांगायला हरकत काय? क्यूएमके नावाचं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डाच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्राम आहे, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं आणि फुकट, आणि त्यात हात बदलायची सोय आधीपासून आहे. एक बटण धरून ठेवलं की कीबोर्ड आरशातल्यासारखा उलटतो. डाव्या तर्जनीखाली येतं ते उजव्या तर्जनीचं अक्षर, मधल्या बोटाखाली उजव्या मधल्या बोटाचं. हलंताच्या जागी क, ऱ्हस्व वेलांटीच्या जागी र, एकाराच्या जागी त, उकाराच्या जागी प. टोकाचे ट आणि ड डावीकडे कॅप्स लॉक आणि टॅबवर उतरले.

यात माझं नवं शिकणं किती कमी होतं! माझ्या उजव्या हाताला जे पाठ होतं ते डाव्याला त्याच बोटाने, तेवढ्याच अंतरावर मिळालं. कॅनडात १९९० च्या दशकात इंग्रजीसाठी अर्ध्या कीबोर्डाची हीच युक्ती काढली होती आणि त्यांनीही उलटायला स्पेसबारच धरला होता, हे तूच सांगितलंस.

स्पेसबारवरून आपलं तीन दिवस जमेना. थोडा वेळ धरला तर उलटणार, चटकन सोडला तर जागा सुटणार, असं तू लावलं होतंस. मधली सीमा २०० मिलिसेकंद. माझी बोटं त्याआधीच पुढे गेलेली असायची. ‘क’ मागावा तर मोकळी जागा यायची आणि पुढे ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लटकणारा एकटा हलंत. तू वेळ कमी केलीस तर शब्दांमधल्या जागा गिळल्या जायला लागल्या. रात्री बोटींचे सेट बाजूला सारून तू आकडे बदलत होतास, पिकोचं छोटं बटण दाबून केबल लावत होतास, फाइल टाकत होतास, आणि मी ‘तक्रार’, ‘वारसा’, ‘कारणे’ लिहून बघत होते. चौथ्या दिवशी मी म्हटलं, बाळा, स्पेसला हात लावू नको. टाइप करणाऱ्याचा अंगठा स्पेसवर पडतो तो विचार करून पडत नाही. शेजारचा डावा ऑल्ट मला दे, त्याचं काम पलीकडे सरकव. तू क्षणभर थांबलास आणि “काकी बरोबर” म्हणालास. एवढंच. वायरींचं मला काही कळत नाही, पण टायपिंग माझं आहे हे तू मानलंस. वयाने आणि शिक्षणाने तुझ्या वरची माणसंही हे मानत नाहीत.

त्या ऑल्टवर तू पांढरी पट्टी चिकटवून पेनने ‘उजवा’ लिहिलंस. पट्टीची कड आता वर आलीय, अक्षर पुसट झालंय. मी ती बदलणार नाही.

शिफ्टचंही तसंच. ळ लिहायचा तर ‘उजवा’, शिफ्ट आणि अक्षर, एका हाताने तिन्ही एकदम धरायचे. करंगळी दुखायला लागली. तू शिफ्ट एकदा दाबून सोडायचा केलास, पुढचं अक्षर आपोआप शिफ्टचं येतं. आणि ‘म’ कधी कधी ‘मम’ उमटायचा, तेव्हा मला वाटलं माझंच बोट थरथरतंय. तू बटण माझ्या कानाशी धरलंस आणि समजावलंस की आतले धातूचे तुकडे एकमेकांना टेकताना थरथरतात, म्हणून फर्मवेअर ५ मिलिसेकंद थांबतं, या जुन्या बटणांना १० देऊया. दुखणं बटणाचं होतं, माझ्या हाताचं नव्हतं. त्या काळात हे ऐकणं मला किती गरजेचं होतं ते तुला कळलं नसेल.

आकड्यांचा कीपॅड मी मागितलाच नव्हता. कीबोर्डाचे आकडे उजव्या टोकाला, तिथे माझा हात पोचत नाही हे तूच हेरलंस. भंगारातल्या बटणांच्या लँडलाइन फोनचा कीपॅड काढलास, चार आडव्या आणि तीन उभ्या, सातच वायरी, आणि त्याला वेगळी छोटी पट्टी लावून माझ्या डावीकडे बसवलास. फोनवर १-२-३ वर असतात आणि हिशेबाच्या यंत्रावर ७-८-९ वर. माझ्या बोटांना हिशेबाची सवय, म्हणून तू ओळी उलट्या लावल्यास आणि छापलेल्या आकड्यांवर नवे आकडे चिकटवलेस. चांदणीवर टिंब, शून्यापलीकडच्या चौकटीवर (#) तिरकी रेघ. क्षेत्राला टिंब लागतं, गट नंबरच्या हिश्शाला तिरकी रेघ. माझं काम तू किती बारकाईने बघितलं होतंस!

पहिला शब्द मी ‘वेंगुर्ले’ लिहिला. नऊ ठोके, त्यात तीनदा अंगठा खाली: ग, र आणि ल. वळून बघितलं तर तू पाठमोरा, एका फिश फाइंडरच्या पाठीत मान घालून बसलेला. मुद्दाम बघत नव्हतास, हे मला तेव्हाही कळलं होतं.

तू पट्ट्यांचे आणि वायरीचे पैसे तेवढे घेतलेस. बाकीचं मी देऊ शकत नाही, आणि देऊ केलं तरी तू घेणार नाहीस. आज टेबल चालू आहे. पूर्वीच्या वेगाच्या निम्म्याहून पुढे गेलेय. उजवी बोटंही थोडी सुटायला लागलीत. डॉक्टर म्हणतात, अजून वेळ लागेल. लागू दे.

एक विचारायचं आहे. गेल्या आठवड्यात कुडाळहून एक मुलगी आली होती. टायपिंगची परीक्षा पास झालेली, पुढे अपघातात डावा हात गेला. ती माझ्यामागे तासभर उभी राहून बघत होती. तिचं माझ्या उलट आहे. म, न, व, ण सोडून व्यंजनं हाताशी, मात्रा जवळजवळ एकही नाही. उजवीकडच्या ऑल्टवर ‘डावा’ लिहिलं की होईल असं मला वाटतं, पण ते तू सांगशील. तिच्याकडे कीबोर्ड नाही. माझ्या ओळखीत एक जुना पडून आहे, गोल पिनेचा, बटणं वाजतात. तुझा पत्ता मी तिला दिलेला नाही. आधी तुला विचारते. बोटी आता समुद्रात आहेत, तुला सवड असेल तर कळव, मी तिला घेऊन मालवणला येते.

तुझी,
वेंगुर्ल्याची काकी