बुलेटची रेस मोकळी करणाऱ्यांचे आभार

जुन्या बुलेटची रेस दिली की मूठ सुटल्यावर मागे येत नव्हती. "केबल बदला" म्हणून मोकळं न होता, आधी केबलचं मुठीकडचं टोक सोडवून मूठ नुसती फिरवायला सांगणाऱ्या कुर्ल्याच्या मिस्त्रीकाकांचे मनापासून आभार. नुसती मूठही जड फिरली, म्हणजे निदान पहिला दोष तिथेच.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत हँडलच्या नळीवर मुठीखाली गंज धरतो आणि जुनं ग्रीस सुकून चिकट होतं. रॉकेलने धुवायचं, बारीक पॉलिश पेपरने नळी गुळगुळीत करायची, मग ग्रीसचा अगदी पातळ हात. थापलं की धूळ धरतं. मूठ हँडलच्या टोकाला घासत असेल तर एक-दोन मिलिमीटर फट हवीच. हे बरेच जण विसरतात.

केबलची तुटलेली एक तार बोटाने दाखवणाऱ्या चोरबाजारातल्या दादांचेही आभार. अशी तार आवरणात अडकते. तिथे तेल सोडून भागत नाही, केबल नवीच लागते. आणि गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवायला लावणाऱ्या अनोळखी ताई, वळवताच रेस वाढली आणि टाकीखाली ताणलेली नवी केबल तुमच्यामुळेच सापडली. आता केबलला दोन-तीन मिलिमीटर प्ले, म्हणजे ढील, ठेवला आहे.