वेळ अमावस्येला मी का आलो नाही

पुणे,
दि. ११ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

वेळ अमावस्येच्या सणाला ऑफिसात ऑडिट आहे म्हणून येता येत नाही असे मी फोनवर सांगितले होते. ते खरे नव्हते. आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी १८ डिसेंबरला, मी नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि डॉक्टरांनी दोन दिवस पडून राहावे व आठवडाभर गाडी चालवू नये, ओझे उचलू नये असे बजावले होते. त्यामुळे शेतात पूजेसाठीची कडब्याची कोप यंदा बाबांना एकट्यानेच उभी करावी लागली. ताईने व्हिडिओ कॉलवर दाखवले तेव्हा पेंढ्या बांधताना बाबा दोनदा कमरेवर हात ठेवून थांबले, ते मी पाहिले. भज्जी आणि आंबील चुकल्याचे मला काही वाटले नाही. त्या दोन थांबण्यांचे मात्र तीन आठवडे वाटते आहे. फोनवर हे सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा सिलेंडर आला का, एवढेच विचारून ठेवून दिला. म्हणून आता लिहितो.

आई, सर्वांत आधी तुझ्यासाठी. मी अगदी बरा आहे. ही बिनटाक्याची शस्त्रक्रिया असते; तेवढ्याच भागाला भूल देतात, वीसेक मिनिटांत काम होते आणि माणूस आपल्या पायांनी चालत बाहेर येतो. मी सोमवारी कामावर गेलो. पुरुषाने हे केले की अंगातली ताकद जाते असे तू मामाच्या वेळी म्हणाली होतीस, पण तसे काही होत नाही, कारण फक्त बीज वाहून नेणारी नळी बंद करतात, बाकी शरीर जसेच्या तसे राहते. आवाजही तोच आहे, भूकही तीच आहे आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी याही खेपेस पंधरा दिवसांतच संपली आहे. तीन महिन्यांनी एक तपासणी करावी लागेल, तोवर काळजी घ्यायची, एवढेच.

आता यामागचे कारण सांगतो, आणि ते चिऊच्या आईला विचारून, तिच्या संमतीने लिहितो आहे. गेल्या श्रावणात तिला टायफॉइड झाला असे आम्ही कळवले होते. तो टायफॉइड नव्हता. तिला दिवस गेले होते आणि सातव्या आठवड्यात आम्ही गर्भपात करून घेतला. चिऊच्या वेळचे तुम्हाला आठवत असेलच. रक्तदाब किती चढला होता, आणि जेमतेम पावणेदोन किलोच्या लेकराला काचेच्या पेटीत ठेवले तेव्हा आई दवाखान्याच्या जिन्यात बसून दोन रात्री जप करत होतीस. पुन्हा तसेच होण्याची जोखीम आहे असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तरीही मी सगळे त्या रक्तदाबावर ढकलणार नाही. तो नसता तरी आम्हाला दुसरे मूल नको होते, आणि हे आम्ही चिऊ तीन वर्षांची असतानाच ठरवले होते. आजाराचे कारण पुढे केले असते तर तुम्हाला पटायला सोपे गेले असते, हे मला ठाऊक आहे.

गर्भपाताच्या त्या दिवशीची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचे सगळे तिच्यापासून सुरू झाले. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा आहे, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि त्या कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कुठेच लागत नाही. तरी खिडकीवरच्या बाईंनी अर्ज तिच्यासमोरून उचलून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "मिस्टरांची सही करा इथे." मागे रांग होती, तिच्या पोटात कळा येत होत्या, मी वाद न घालता सही केली. परत येताना रिक्षात ती बराच वेळ बाहेर बघत होती. संचेतीच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा एवढेच म्हणाली, "माझ्या पोटाच्या कागदावर तुझी सही कशाला रे?" त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. डॉक्टरांनी पुढच्या भेटीत तिच्यासाठी तांबी किंवा टाक्याची शस्त्रक्रिया असे दोन पर्याय सांगितले आणि माझ्याकडे पाहिलेही नाही. मग मीच विचारले की माझे काय. डॉक्टर हसले, आणि म्हणाले की असे विचारणारे वर्षाला एखाददुसरेच येतात. बाबा, तुम्हाला आकड्यांची आवड आहे म्हणून लिहितो: २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या जवळपास ३८ विवाहित बायकांनी नसबंदी करून घेतलेली आढळली, नवऱ्याने करून घेतली अशा बायका हजारात तीन.

आई, अशा बायकांपैकी तू एक आहेस. मी सहा महिन्यांचा होतो तेव्हा तुझे ऑपरेशन झाले, त्यामुळे मला आठवणे शक्य नाही, पण ताईने इतक्यांदा सांगितले आहे की मला ते दिसते. शाळेच्या खोल्यांतले शिबिर, सतरंजीवर ओळीने झोपवलेल्या बायका, आणि बाहेर लिंबाखाली सहा वर्षांची ताई मला मांडीवर घेऊन बसलेली, कारण मी दुधासाठी रडत होतो आणि आत कोणी घेऊन जात नव्हते. तिसऱ्या दिवशी तू चुलीपुढे बसलीस. तुला कोणी विचारले होते का, असे मी एकदा विचारले तेव्हा तू म्हणालीस, "विचारायचं काय त्यात, सगळ्याच करत होत्या." तुझ्या कमरेच्या दुखण्याचा त्याच्याशी संबंध आहे की नाही, मला सांगता येणार नाही, आणि मी हे बाबांना टोचावे म्हणूनही लिहीत नाही. त्या काळात घरोघरी तसेच होते. पण आपल्या घरात एकदा तरी पुरुषाने त्या टेबलावर झोपावे असे मला वाटले, आणि ती पाळी माझी होती.

बाबा, तुमच्याशी बोलणे सर्वांत अवघड आहे, कारण नसबंदी हा शब्द आपल्या घरात कोणी उच्चारत नाही. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पेटीत तुमची आणीबाणीतली, १९७६ सालची डायरी सापडली. मी ती न विचारता वाचली, त्याबद्दल क्षमा करा. सबंध डिसेंबरच्या पानांवर पावसापाण्याच्या नोंदी आहेत, आणि मध्येच एका पानावर फक्त एक ओळ: "केस पूर्ण. तीन महिन्यांचा पगार निघाला." त्याखाली, तुम्ही नसबंदीला नेले त्यांचे नाव होते आणि ते तुम्ही इतके खोडले आहे की कागद फाटला आहे. पोळ्याला दरवर्षी त्यांच्या घरी ज्वारीचे पोते का जाते आणि तुम्ही त्या बोळातून सायकल का नेत नाही, हे मला त्या दिवशी कळले. त्यांच्या धाकट्याचे पुढे काय झाले ते मला आधीच माहीत होते.

तुम्ही तेव्हा चोवीस वर्षांचे होता. बार्शीत त्या वर्षीच्या जानेवारीत बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना रस्त्यातून उचलून नेत होते. विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचे विधेयक संमत केले होते, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणूनच ते कायदा झाले नाही. देशभरात वर्षभरात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत बहुतेक पुरुष होते. केस आणल्याशिवाय पगार न निघणाऱ्या प्राथमिक शिक्षकाने त्यापुढे काय करायचे होते? मी तुमचा न्याय करायला बसलेलो नाही. मला एवढेच सांगायचे आहे की त्या माणसाला जे विचारले गेले नाही, ते मला विचारले गेले. माझ्याकडून अर्ज वाचून घेतला, हे कायमचे आहे हे दोनदा सांगितले, आणि अजूनही घरी परत जाता येईल असे टेबलावर झोपल्यावरसुद्धा म्हणाले. शस्त्रक्रिया तीच आहे, पण तुम्ही त्यांना ज्या दारातून नेले त्या दारातून मी गेलो नाही. तुमच्या मुलाने हे करणे म्हणजे तुमच्या जखमेवर मीठ, असे कृपा करून समजू नका.

आणीबाणी गेली, माणसे घाबरून राहिली म्हणून सरकारने हा सगळा भार बायकांकडे वळवला, आणि घरात डोकावण्याची सवय मात्र सोडली नाही. आबांच्या थोरल्याला तिसरे मूल झाले म्हणून ग्रामपंचायतीला उभे राहता आले नाही, तेव्हा तुम्हीच चिडून म्हणाला होतात की मूल वहिनीने सोसले आणि शिक्षाही तिलाच, कारण घरात टोमणे तीच खात होती. आता वारे उलटे फिरले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात आंध्रचे मुख्यमंत्री म्हणाले की दोनांपेक्षा अधिक मुले असणाऱ्यांनाच स्थानिक निवडणूक लढवू द्यावी असा कायदा आणण्याचा विचार आहे, आणि डिसेंबरात सरसंघचालकांनी नागपुरात किमान तीन मुलांची गरज सांगितली. तेव्हा तीन झाली म्हणून दंड, आता तीन हवीत म्हणून उपदेश. दोन्ही वेळा बाळंतपण कोण करणार हे बोलणाऱ्याने पाहिलेले नसते. तुम्ही ज्या पक्षाला मत देता त्याच्याबद्दल मी काही म्हणत नाही. त्यावर आपले सव्वीस जानेवारीला भांडण होईलच, ते पत्रात नको.

रघुनाथ धोंडो कर्व्यांची गोष्ट मला दहावीच्या सुट्टीत तुम्हीच सांगितली होतीत: १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी नोकरी गेली, 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या लेखनावरून खटले झाले, आणि १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांनी आणि मालतीबाईंनी स्वतःच्या मर्जीने मूल होऊ दिले नाही, हे सांगताना तुमच्या आवाजात कौतुक होते. ते कौतुक दुसऱ्यांच्या मुलापुरतेच नव्हते, असे मी धरून चाललो आहे.

आई, तुळजापूरच्या नवसाचे मला ठाऊक आहे. तो तू नातवासाठी बोलली होतीस आणि तो आता फिटायचा नाही, हे लिहिताना माझा हात थांबतो. मावशीने मागे "बघून घेता येतं हल्ली" असे म्हटले, तेव्हा तू काही बोलली नाहीस, पण परातीतल्या पिठात तुझा हात थांबला होता, ते मी पाहिले. लिंग तपासणीवर आपल्या राज्याने १९८८ मध्येच कायदा केला आणि तरी २०११ च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागे ८९४ च मुली भरल्या, त्या अशाच शब्दांमुळे. एकट्या चिऊवरच थांबावे लागले असे मनात आणू नकोस. ती परवा स्वतःची वेणी स्वतः घालून आली, भांग वाकडा, आणि म्हणाली की आजी घालते तशी घट्ट कोणालाच जमत नाही. लहानपणी ताप आला की तू माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवून "ओल्या खोबऱ्यासारखा गार होशील" असे म्हणत असायचीस. शस्त्रक्रियेनंतर त्या रात्री मला थोडी कणकण होती आणि अंधारात मला तेच ऐकू येत होते. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाने हे लिहावे की नाही, कोण जाणे.

तुमच्या पुढच्या दिवसांची व्यवस्था मुलगा किंवा नातू यांवर अवलंबून नाही. न्हाणीघरात धरायला दांडी आणि कमोड बसवायचे काम मी ठरवले आहे, मिस्त्री मंगळवारी येईल, त्याला परत पाठवू नका. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला सांगितली आहे. आईने संक्रांतीचा हलवा करायला स्टुलावर चढून वरची कढई काढायची नाही. शेजारच्या पोराला सांगावे. बाबांनी रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही, मी ताईला पाकीट मोजायला सांगितले आहे आणि ती मोजते. गुडघ्याच्या तपासणीची तारीख २९ आहे, त्या आधी कोणाच्याही काढ्याचा प्रयोग करू नये.

आम्ही शनिवारी २४ तारखेला सकाळी निघून दुपारी पोहोचू आणि सोमवारी संध्याकाळी परत निघू. रागवायचे असेल तर माझ्यावर, आणि मागच्या अंगणात. चिऊच्या आईला यातले काही विचारू नका. ती स्वतःहून बोलली तर ऐकून घ्या, एवढीच विनंती आहे. ताईला मी काल सांगितले. ती रडली आणि मग शेंगा पाठवते म्हणाली.

आपला,
बाळू

ता. क. बाबा, डायरी माझ्याकडे आहे. हवी असल्यास येताना आणतो. नको असल्यास मी पुन्हा विचारणार नाही.